उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा मोबाइल-टीव्ही कसा आवरायचा? (नागपूर, दोन मुलं, आम्ही दोघंही नोकरीवर)

नागपूरची_आई

नमस्कार सगळ्यांना. १ मेला निकाल लागला आणि सुट्टी लागली. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळे हे प्रकरण जवळजवळ दोन महिने चालणार. मुलगा ९ वर्षांचा, आता पाचवीत जाईल, मुलगी ५ वर्षांची. मी आणि नवरा दोघंही नोकरीवर, सकाळी साडेनऊला निघतो ते संध्याकाळी सात वाजतात यायला. घरी सासूबाई असतात, सत्तरी झाली त्यांची, गुडघे दुखतात, मुलांच्या मागे धावणं होत नाही.

आता बघा, सकाळी दहानंतर बाहेर सोडायची सोय नाही, पारा ४४-४५ला जातो, फ्लॅटमध्ये खिडक्या बंद आणि कूलर चालू, मग उरतो टीव्ही नाहीतर आजीचा मोबाइल. मुलगा गेमचे व्हिडिओ बघतो, म्हणजे स्वतः खेळतही नाही, दुसरा कोणी खेळतोय आणि ओरडतोय ते तासन् तास बघत बसतो. मुलगी शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबचे ते छोटे छोटे व्हिडिओ, सरकवत राहते, पाच वर्षांची पोर, एक संपायच्या आत दुसरं. तिला जेवतानाही लागतो, त्याशिवाय तोंडच उघडत नाही. हातातून घेतला की असा आकांत करते की खालच्या मजल्यावरचे विचारतात काय झालं. सासूबाई म्हणतात लेकरांना कशाला रडवतेस, सुट्टीच तर आहे.

समर कॅम्प बघितले, बहुतेक सकाळचे दोन तासांचे आहेत, नेआण कोण करणार हा प्रश्न आहे आणि दोन तासांनी पुन्हा तेच.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वयाला किती स्क्रीन चालते? आणि खरा प्रश्न म्हणजे सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळेचं काय करायचं? नुसतं "बंद करा" असं सांगू नका प्लीज, बंद करून त्या जागी काय ठेवलं ते सांगा.

---

चष्मेघर

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज लहान मुलांचे नंबर काढते म्हणून आधी डोळ्यांचं सांगते. जून-जुलैमध्ये शाळा सुरू झाल्या की "फळा दिसत नाही" म्हणत येणारी मुलं बरीच असतात.

तासांचं विचारलंत तर आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सनं, सांगितलेलं असं: २ वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, २ ते ५ला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, ५ ते १०ला दोन तासांपेक्षा कमी, आणि जितकं कमी तितकं चांगलं. म्हणजे मुलीला तास-पाऊण तास धरा आणि मुलाला दीड.

पण डोळ्यांसाठी फक्त स्क्रीन कमी करून भागत नाही, बाहेरचा उजेड मिळणंही तेवढंच महत्त्वाचं आहे हे आईवडिलांना कोणी सांगतच नाही. चीनमध्ये ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला, काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटं बाहेर जायची जास्तीची तासिका ठेवली, तिथे नव्यानं मायनस नंबर लागायचं प्रमाण ३०% राहिलं आणि बाकी शाळांमध्ये ३९%च्या वर गेलं. तैवाननं तर २०१०पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रमच घेतला. कारण सरळ आहे, घरात ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार असतो. त्यामुळे रणरणत्या उन्हात न्यायची अजिबात गरज नाही, सावली पुरते.

नागपुरात मे महिन्यात पावणेसहाच्या आसपास उजाडतं, साडेआठपर्यंत ऊन सोसवतं. तेवढ्यात मुलांना दीड-दोन तास खाली सोडा, सायकल, बॉल, काहीही. संध्याकाळी पुन्हा सहानंतर. सुट्टीत मुलं नऊला उठतात तिथेच सगळं बिघडतं, सकाळची चांगली वेळ झोपेत जाते आणि मग दिवसभर खोली. रात्री झोपायच्या आधी तासभर स्क्रीन बंद ठेवली तर सकाळी उठणंही सोपं जातं.

आणखी एक, बघायचंच असेल तर मोबाइलपेक्षा टीव्ही बरा. अंतर जास्त राहतं आणि काय चाललंय ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात मोबाइल वीतभर अंतरावर असतो, तो आधी बंद करा.

---

सेटिंगवाला_बाबा

तुमची मुलगी शॉर्ट्स बघते ते आधी तोडा, बाकीचं नंतर बघू. दोन तासांची गोष्ट बघितली तर तिला शेवट असतो, शॉर्ट्सना शेवटच नाही, त्यामुळे "बास" कुठे म्हणायचं ते लहान मुलाला कळणारच नाही, मोठ्यांनाही कळत नाही.

आजींचा मोबाइल आहे हे महत्त्वाचं आहे. सगळे सांगतील गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप टाका, ते चांगलं आहेच, वेळ ठरवता येते, रात्री फोन लॉक करता येतो, नवीन अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी लागते, पण ते मुलाच्या स्वतःच्या अकाउंटवर चालतं. आजींच्या अकाउंटवर चाललेल्या यूट्यूबला त्याचा काही उपयोग नाही. तिथे असं करा, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी (आधी काय काय बघितलं त्याची नोंद) पूर्ण पुसा आणि बंद करा. मग होम पेजवर शिफारशी येणंच थांबतं, नुसतं सर्च राहतं. आजींना त्यांची भजनं-कीर्तनं शोधून ऐकता येतील. ऑटोप्लेही, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं, बंद करा. आणि फोनला नवा पिन टाका जो फक्त आजींना माहीत असेल, मुलाला जो माहीत आहे तो बदला आजच.

टीव्ही जर गूगल टीव्ही असेल तर त्यात मुलांचं वेगळं प्रोफाइल करता येतं, त्याला रोजची वेळ लावता येते. वेळ संपली की टीव्हीच सांगतो संपली, त्यामुळे आजींना वाईटपणा घ्यावा लागत नाही. तुमच्या घरात हा मोठा मुद्दा आहे असं मला वाचून वाटलं.

फक्त एक लक्षात ठेवा, मशीनवर मिनिटं लावली की कार्टूनच्या मधेच कट होतं आणि मग भांडण. आमच्याकडे मिनिटांऐवजी "दोन एपिसोड" असं ठरवलेलं आहे, गेम असेल तर "चालू मॅच संपली की बंद". वेळ लावायचीच तर दोन एपिसोडांपेक्षा पाच-दहा मिनिटं वरची लावा. मुलं हे पाळतात कारण शेवट त्यांना दिसत असतो.

---

अवनीची_मम्मा

आमच्याकडे पण सेम टू सेम चालू आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. जेवताना मोबाइलचं कोणी सांगा ना, तिथेच माझं अडतं.

---

झेडपी_बाई

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, तुमच्यापैकी काहींनी बातम्यांमध्ये वाचलं असेल. तिथे २०२२च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर गप्पा मारतात. कोरोनात ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मोबाइल मुलांच्या हातात गेले ते परत येईनात म्हणून गावानं हे ठरवलं.

मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की ते फक्त मुलांवर लादलं नाही. मालिकांची वेळ नेमकी तीच असते, त्यामुळे घरातल्या बायकांनाही टीव्ही बंद करायला लागला, बाप्यांनाही मोबाइल ठेवायला लागला. वर्गात मी मुलांना मोबाइलबद्दल विचारते तेव्हा ती हेच म्हणतात की बाई, पप्पा पण बघतात ना. याला उत्तर काय देणार.

तर नागपूरच्या ताई, नियम करायचा तर घराचा करा, मुलांचा नको. तुम्ही सातला घरी येता, तर साडेसात ते नऊ चौघापाच जणांचे फोन एका ठिकाणी चार्जिंगला, टीव्ही बंद. तुमचाही आणि तुमच्या मिस्टरांचाही फोन, ऑफिसचा कॉल आला तर उठून जाऊन घ्यायचा. दिवसभर मुलांनी तुम्हाला बघितलेलंच नसतं, त्या दीड तासात त्यांना तुम्ही हव्या असता.

आणि सासूबाईंवर रागावू नका. सत्तरीतली बाई दोन मुलांना नऊ तास एकटी सांभाळते, दुपारी तिलाही पाठ टेकायची असते. मोबाइल दिला की पोरं एका जागी बसतात, पडत नाहीत, भांडत नाहीत, गॅसपाशी जात नाहीत. त्या मोबाइल देतात ते लाडापेक्षा धास्तीनं जास्त देतात असं मला वाटतं. त्यांच्याशी बोलताना "तुम्ही देऊ नका" असं म्हणण्यापेक्षा "दुपारी १ ते ३ तुम्ही आराम करा, तेवढ्या वेळासाठी मी मुलांचं काय ते लावून जाते" असं म्हणून बघा. जमलं तर कॉलेजला सुट्टी लागलेली सोसायटीतली एखादी मुलगी दुपारी तीन तास यायला तयार होते का विचारा, थोडे पैसे द्या. कॅम्पच्या फीपेक्षा हे कमी पडेल आणि नेआण नाही.

---

नागपूरची_आई

झेडपी बाई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंना धास्ती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मागच्या वर्षी मुलगा गच्चीच्या जिन्यावरून पडला तेव्हापासून त्या त्याला हलूच देत नाहीत, आता लक्षात येतंय. आमच्या खाली फर्स्ट इयरची एक मुलगी आहे, तिला विचारते.

सेटिंगवाले दादा, वॉच हिस्टरी आताच पुसली. मुलगा विचारतोय यूट्यूब बिघडलं का, त्याला सरळ सांगितलं की मी बंद केलंय.

आता अजून एक. १५ तारखेला दीर-जाऊ पुण्याहून येतात, त्यांची दोन मुलं १२ आणि १० वर्षांची, दोघांकडे टॅब आहेत. ती टॅब घेऊन बसली तर माझी दोघं काय ऐकणार? जावेला कसं सांगू तिच्या मुलांना नियम लावायचं?

---

अंबानगरी

मी अमरावतीची, म्हणजे तुमचंच ऊन आमच्याकडे. माझी मुलं आता मोठी झाली आहेत पण सुट्टीतल्या दुपारी मी अनेक वर्षं काढल्या आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

अवनीच्या मम्माला आधी सांगते. मोबाइल बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचंही कळत नाही आणि चवही कळत नाही, तोंड आपोआप उघडतं एवढंच. तो बंद केला की पहिले काही दिवस मूल कमी जेवणारच, त्याला घाबरायचं नाही. ताट समोर ठेवायचं, आपणही सोबत जेवायचं, अर्ध्या तासानं ताट उचलायचं. मधे बिस्किट-कुरकुरे द्यायचे नाहीत, पुढच्या जेवणाला भूक लागतेच. मूल वजनानं फारच कमी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून करा. आणि हातानं जेवू द्या, सांडू द्या, सहा वर्षांच्या मुलीला भरवायचं कशाला.

आता दुपार. ११ ते ५ हा सहा तासांचा गठ्ठा आहे असं बघितलं की धडकी भरते, त्याचे तुकडे करायचे. सकाळी सहाला खाली खेळून आलेली मुलं अकरापर्यंत अंघोळ-नाश्ता करून जरा सुस्तावतातच. अकरा ते साडेबारा हाताचं काम. मे महिन्यात आपल्याकडे कामाला तोटा नाही. कुरड्या, शेवया, मुगवड्या, बटाट्याचा कीस, साबुदाण्याचे पापड, यातलं काहीतरी घरी होतंच, नसेल होत तर यंदा थोडं करा. मुगवड्या घालायला पाच वर्षांच्या मुलीचे हात फार छान चालतात, तुमच्या सासूबाईंना एका जागी बसून शिकवता येतं, गुडघ्यांना त्रास नाही. ताटात वड्या घालायच्या, ते सकाळी लवकर गच्चीत ठेवायचं आणि संध्याकाळी आणायचं हे मुलाचं काम, आजीला जिन्याची काळजी वाटते तर तुम्ही ऑफिसला निघायच्या आधी त्याच्याबरोबर जा. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढणं, टरबुजाच्या बिया धुऊन वाळवणं, मटक्यात पाणी भरणं. मुलांना खोटी कामं दिलेली कळतात, खरं काम द्या.

जेवण झालं की १ ते ३ खोलीत अंधार, कूलर, सगळ्यांनी आडवं व्हायचं. झोप नाही आली तर पुस्तक वाचायचं, बोलायचं नाही. बालभारतीचं किशोर मासिक आमच्याकडे यायचं, त्याचे जुने अंक मुलं पुन्हा पुन्हा वाचत, बहुतेक जवळच्या वाचनालयात मिळतात. पाच वर्षांच्या मुलीला चित्रांची पुस्तकं.

३ वाजता उठल्यावर टीव्ही. हो, द्याच. दिवसातली ठरलेली एक वेळ असली की मूल दिवसभर "आता देऊ का, आता बघू का" करत नाही. दीड तास, दोघांनी मिळून काय बघायचं ते ठरवायचं. एक दिवस त्याची निवड, एक दिवस तिची. मुलीचा तासभर झाला की ती आजीबरोबर चहा-दुधाला. मग साडेचार-पाचला पुन्हा काहीतरी, पत्ते, कॅरम, चित्रं, पाण्यात बसणं. बाथरूममध्ये टबात पाणी आणि चार डबे दिले की लहान मुलं रमतात, फक्त दार उघडं आणि मोठं माणूस जवळ.

सुरुवातीला "बोअर होतंय" शंभरदा ऐकायला लागेल. लगेच काही सुचवायला जाऊ नका. थोडा वेळ लोळतील, कुरकुरतील, भांडतील, मग स्वतःच चादरीचं घर बांधतील नाहीतर उशांची गाडी करतील. तेवढी कळ आपल्याला काढता आली पाहिजे आणि आजीलाही सांगून ठेवायला पाहिजे की कंटाळलेलं मूल म्हणजे दुःखी मूल नाही.

---

कोडवाली

सगळं पटलं पण एक बाजू मांडते, सगळ्या स्क्रीनला एकाच मापात धरू नका. ९ वर्षांचा मुलगा दुसऱ्याचे गेम बघतो म्हणजे त्याला गेममध्ये रस आहे. त्याला स्क्रॅच दाखवा, मुलांना कोडिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं मुलांसाठी बनवलेलं आहे, फुकट आहे, ८ वर्षांपुढच्या मुलांना जमतं. ठोकळे जोडून स्वतःचा गेम बनवायचा, मांजर चालवायची, गुण मोजायचे. माझा भाचा तासभर डोकं लावून एक चेंडू भिंतीवर आपटवत होता, नंतर स्वतःहून उठला, कारण मेंदू थकतो. व्हिडिओ बघून कोणी थकून उठत नाही. शनिवार-रविवारी बाबांनी लॅपटॉपवर सोबत बसून सुरुवात करून द्यावी, एकट्याला देऊन टाकू नये. आणि लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल होतो तो माझ्या मते या तासांत मोजू नका, मूल तिथे माणसाशी बोलत असतं.

---

झेडपी_बाई

कोडवाली यांचं बरोबर आहे, बनवणं आणि बघणं यात फरक आहे. फक्त पाच वर्षांच्या मुलीला हे कारण सांगून लॅपटॉप देऊ नका, तिला मातीत आणि पाण्यातच खेळू द्या.

---

अंबानगरी

जावेचं राहिलं होतं ते लिहिते. ती येऊन बसल्यावर मुलांसमोर बोलू नका, आताच फोन करा. "तुझ्या मुलांना" असा विषयच काढू नका. असं म्हणा की आम्ही घरात दुपारी ३ ते साडेचार टीव्ही आणि संध्याकाळी सगळ्यांचे फोन चार्जिंगला असं सुरू केलंय, मुलं आत्ता कुठे रुळतायत, तुम्ही असताना मोडलं तर मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, तर त्या आठवड्यात टॅब कपाटात ठेवूया का. बहुतेक आयांना हे हवंच असतं, तिच्याही घरी हेच चालू असणार. दिरांशी तुमच्या मिस्टरांनी बोलावं, ते तुम्ही अंगावर घेऊ नका. बारा वर्षांच्या मुलाला मित्रांशी बोलायचं असेल तर त्याला रात्री जेवणाआधी अर्धा तास वेगळा द्या, या वयात एकदम तोडलं तर तो रुसून बसेल आणि बाकीचे तिघे त्याच्याभोवती बसतील.

आणि चार मुलं जमतात ही तुमच्यासाठी फायद्याची गोष्ट आहे. दोन मुलांचं दुपारी भांडण होतं, चार जणांचा डाव होतो. आजीला पत्ते येत असतीलच, त्यांना मेंढीकोट शिकवायला सांगा. मोठी तीन मुलं आणि आजी, दोन जोड्या बरोबर बसतात, धाकटीला आजीच्या मांडीवर बसवून पानं धरायला द्यायची. ती कंटाळली की पाचही जणांचा बदामसात नाहीतर गुलामचोर. पत्त्यांचे दोन कॅट आणून ठेवा, एकातली पानं पहिल्या दोन दिवसांत हरवतात. सकाळी सहाला गच्चीत नाहीतर खाली लगोरी, बारा वर्षांच्या मुलाला टीम पाडायचं काम द्या म्हणजे तो स्वतःहून उठेल. आणि जाऊबाई घरी असतील तर दुपारी त्या चौघांना घेऊन कुरड्यांचा घाट घाला, गहू तीन दिवस आधी भिजवायला लागतात, म्हणजे १२ तारखेला विसरू नका.